ज्याला काम त्यालाच हात

डॉक्टरबाई सोफ्यावर बसल्या होत्या, म्हणजे त्यांचं चित्र बसलं होतं, आणि समोर सगळं घर खुर्च्या टाकून त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. त्यांना ओळखायचं की नाही, याचा निकाल लागायचा होता.

ही या घराची ओळखपरेड. माणसांचे चेहरे रंगवून चार पिढ्या पोट भरलेल्या या घरातून कुठलंही चित्र परेड झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. नियम पणजोबांनी घातला होता आणि त्याला कारणही पणजोबाच होते. त्यांनी एकदा एका वकिलाचं चित्र बेकरीवाल्याच्या घरी आणि बेकरीवाल्याचं वकिलाच्या घरी पोचतं केलं. चूक झाली याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की दोन्ही घरांनी चित्रं मुकाट्याने भिंतीवर टांगली आणि बेकरीवाल्याच्या बायकोने तर ‘अगदी हुबेहूब’ म्हणून वर पावही पाठवले. तेव्हापासून चित्र आधी घरासमोर मांडायचं, कुणाचं ते सांगायचं नाही. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर त्याला आधी आठवडाभर रोज चहाला बोलवायचं. घरातल्या सगळ्यांत लहान बोलत्या माणसाने पहिल्यांदा बोलायचं, म्हणजे त्याला मोठ्यांची री ओढता येणार नाही. आणि कुणा एकाला जरी ओळख पटली नाही, तर चित्र परत जिना चढून स्टुडिओत.

सध्या घरातलं सगळ्यांत लहान बोलतं माणूस म्हणजे ठिपकी. अजून चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आईच्या पोटात असताना तिचा जो पहिला फोटो निघाला, त्यात ती नुसता एक ठिपका होती. तिच्या बापाने, म्हणजे दादाने, त्या ठिपक्याला खालच्या आपल्या फ्रेमांच्या दुकानात सोनेरी फ्रेम केली आणि हौसेने परेडीत मांडली. कुणालाही ओळख पटली नव्हती. नाव मात्र चिकटलं.

“सांग बरं,” दादा म्हणाला, “कोण आहे ही?”

ठिपकीने मान तिरकी करून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने तिरकी केली.

“माहीत नाही.”

“नीट बघ की!”

“एक बाई आहे,” ठिपकीने तडजोड केली. “तिला बसून बसून कंटाळा आलाय.”

सोफ्यामागे उभ्या असलेल्या दादाच्या बहिणीने, धाकटीने, सोफ्याची पाठ घट्ट धरली. हे चित्र तिने काढलेलं होतं, आणि परेडीत ते दुसऱ्यांदा नापास होत होतं.

डॉक्टरबाई निवृत्त होत होत्या. त्यांनी आयुष्य घालवलं त्या मुलांच्या वॉर्डात लावायला इस्पितळाने त्यांचं चित्र मागितलं होतं. या बाईंनी ताईला तपासलं होतं, दादाला तपासलं होतं, खुद्द धाकटीला तपासलं होतं आणि आता ठिपकीला तपासत होत्या. धाकटीने त्यांची एकेक सुरकुती मन लावून रंगवली होती. चष्म्याच्या काचेत खिडकीही उतरवली होती. ताई, दादा, वहिनी, अण्णा, सगळ्यांनी पाहताक्षणी ओळखलं असतं. आणि जिने परवाच या बाईंच्या टेबलावर झोपून आकांत मांडला होता, ती म्हणत होती, एक बाई आहे.

“झालं तर मग,” धाकटी म्हणाली. “मी उद्याच कळवते त्यांना.”

‘त्यांना’ म्हणजे भिंतीचे रंग बनवणाऱ्या कंपनीला. कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. काम एकच, रंगांना नावं ठेवायची. वाईट अर्थाने नाही, खरीखुरी नावं. मागच्या परेडीनंतर तिने जिन्यात उभं राहून जाहीर केलं होतं, की पुन्हा नापास झालं तर ब्रश धुऊन ठेवणार आणि त्या कंपनीत जाणार. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते.

“कळवच,” ताई म्हणाली. ती नोकरीच्या पक्षात होती. दातांची डॉक्टर, समोरच्याच्या तोंडात कायम काहीतरी खुपसलेलं असल्यामुळे उत्तराची वाट पाहायची सवय गेलेली. “महिन्याच्या महिन्याला पगार, रविवारी सुट्टी, कुणी ओळखलं नाही म्हणून डोळ्यांत पाणी नाही. राखाडीला राखाडी म्हणायचं, संपलं.”

“राखाडीला राखाडी म्हणायला ते कशाला पगार देतील?” दादा म्हणाला. “आणि मी फ्रेमा कशाच्या करू? भिंतीच्या?”

“तुला तिची काळजी आहे का फ्रेमांची?”

“दोन्ही एकाच दुकानात बसतात, ताई. मी वेगवेगळी काळजी कुठून आणू?”

वहिनी कुठल्याच पक्षात नव्हती. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे आणि घरी कुणी वेगात बोलायला लागलं, की तिचा उजवा पाय आपोआप फरशीत रुतायचा. आत्ता तो टाचेपासून रुतला होता.

राहिले अण्णा, ताई-दादा-धाकटीचे वडील. दादाच्या दुकानाच्या वर, या घरात, साठेक वर्षं चेहरे रंगवून आता हात थरथरतो म्हणून थांबलेले. धाकटी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. नोकरीबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. फक्त अधूनमधून एखाद्या भिंतीपाशी थांबून विचारायचे, “हिला काय म्हणायचं मग? उदास बटाटा?” आणि पुढे जायचे.

आज ते खाकरले. 

“मला वाटतं,” अण्णा म्हणाले, “नियमात थोडी दुरुस्ती करावी. पाच वर्षांखालचं मत धरू नये.”

दादाने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. ताईने सवयीने आत डोकावून पाहिलं. ज्या अण्णांनी नियमासाठी स्वतःच्या थोरल्या भावाचं चित्र नऊ वेळा पुसलं, आणि शेवटी भावालाच ‘तूच तुझ्यासारखा दिसत नाहीस’ असं सुनावलं, ते अण्णा दुरुस्ती म्हणत होते. आणि ती कुणासाठी, हे न कळायला घरातलं कुणीच पाच वर्षांखालचं नव्हतं. जी होती ती सोफ्याच्या शिवणीतून कापूस ओढत होती.

 

“नको, अण्णा,” धाकटी म्हणाली.

“अगं, इतर सगळ्यांना ओळख पटते आहे...”

“ते चित्र मुलांच्या वॉर्डात लागणार आहे. तिथे सगळी हिच्याच वयाची. ती सगळी म्हणणार, एक बाई आहे. कंटाळलेली. सवलतीत पास झालेलं चित्र मला नको.”

“मग तूच काढून दाखव गं,” वहिनी एकदम ठिपकीला म्हणाली. कापूस ओढणं थांबवायला यापेक्षा चांगला उपाय तिला सुचला नसावा. “डॉक्टरआजी कशी असते?”

दादाने दुकानातून पुठ्ठ्याचा उरलेला मोठा तुकडा आणला, ठिपकीने तेलखडू उपडे केले आणि ती जमिनीवर पोट टेकून कामाला लागली. धाकटीला बघायचं नव्हतं. पण कुणी रेघ ओढत असेल तर न बघणं या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

पहिल्यांदा एक गोल आला. तो पूर्ण होता होता राहिला, मग मागे वळून स्वतःलाच येऊन मिळाला. गोलाच्या खाली दोन रेघा.

“पाय थेट डोक्यातून?” ताईने विचारलं.

“चालायला,” ठिपकी म्हणाली. जणू ताईने काहीतरी खुळचट विचारलं होतं.

मग कानाच्या जागेवरून एक हात निघाला. तो पुठ्ठाभर लांब गेला आणि त्याच्या टोकाला बोटं उगवायला लागली. पाच झाली, सात झाली, थांबायचं नाव नाही.

“आणि दुसरा हात?” दादा म्हणाला.

“त्याला काम नव्हतं.”

“रजेवर असेल,” दादा म्हणाला.

मग दोन्ही कानांतून एक निळी रेघ निघाली. ती वळत वळत पुठ्ठ्याच्या कडेला आली, कड ओलांडून फरशीवर उतरली, फरशीवरून ठिपकीकडे आली आणि ठिपकीच्या फ्रॉकवर, बरोबर पोटावर, एक निळा गोल होऊन थांबली. वहिनीचा पाय फरशीत रुतला.

“अगं, फ्रॉक!”

“मी इथे आहे ना,” ठिपकी म्हणाली.

धाकटी गुडघ्यांवर बसली. चित्रात मुलगी का नव्हती ते तिला आत्ता कळलं. मुलगी आधीपासून होतीच, तिला परत काढायचं कशाला?

आणि मग ठिपकीने काळा खडू उचलला आणि गोल, पाय, हात, सगळ्यावरून दणादण गिरवायला सुरुवात केली. डॉक्टरबाई पार दिसेनाशा झाल्या.

“अगं अगं अगं! पुसलीस का?” ताई ओरडली. “छान आली होती!”

“पुसली नाही,” ठिपकी म्हणाली. “टोचलं. मी डोळे मिटले.”

 ताईचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला. धाकटी त्या काळ्या भागाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती चित्रांत माणसं बसवत होती, पण बघणाऱ्याने मिटलेले डोळेही चित्रात येऊ शकतात, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

“माझं काढ,” दादा म्हणाला, वातावरण हलकं करायला. खरं तर त्यालाही हवंच होतं.

इथून पुढे जे झालं त्याला वहिनी नंतर कायम ‘हातांचं प्रकरण’ म्हणत असे. दादाला ठिपकीने तीन हात दिले: एक उचलायला, एक फिरवायला, एक गुदगुल्यांना. दादा खुर्चीत ताठ झाला. वहिनीला दोन मिळाले, एक स्टिअरिंगला आणि दुसरा ‘नाही’ म्हणायला. ताईला एकही नाही. गोल, पाय आणि दातच दात.

“माझे हात?”

ठिपकीने विचार केला. “नाहीत.”

“अगं, माझा सगळा धंदा हातांवर आहे!”

“तू मला उचलत नाहीस, मोठी आतू.”

“माझी पाठ दुखते!”

“मग पाठ काढू?”

“बघ, ताई,” दादा म्हणाला, “राखाडीला राखाडी म्हटलं तिने. संपलं.”

“तीन हात मिळाले म्हणून इतकं चढायला नको,” ताई म्हणाली. “माणसाला तीन हात म्हणजे व्यंग असतं.” पण तिचा आवाज खरंच दुखावल्यासारखा झाला होता. ती खुर्चीवरून उठली, पाठीला हात लावून आधी कण्हली, मग तिने ठिपकीला काखेत धरून वीतभर उचललं आणि ठेवलं. “हं. आता?”

ठिपकीने एक छोटा हात काढला. बोटांशिवाय.

अण्णा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक विजेचा खांब होता आणि तो रोजच्यासारखाच उभा होता. आपण होऊन मागणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली. मग आणखी थोडी. मग खाकरले.

“आजोबा काढ,” धाकटी हळूच म्हणाली.

ठिपकी भराभर कामाला लागली. दोन मोठे लांबट आकार, शेजारी शेजारी. प्रत्येकावर रेघांच्या पट्ट्या. पुढच्या टोकाला एकेक अंगठा, केवढा तरी, त्यातला एक सरळ आकाशाकडे. वर एक आडवी रेघ. संपलं.

“आणि चेहरा?” ताईने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

ज्या माणसाने उभ्या गावाचे चेहरे काढले, ज्याच्या घराला लोक ‘चेहरेवाले’ म्हणून ओळखतात, त्याला चेहरा नव्हता. मान नव्हती. काहीच नव्हतं. सपाता आणि अंगठे.

“मला तोंड नाही का गं?” अण्णांनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, आणि तेच जास्त लागत होतं.

“वर असतं ते,” ठिपकी म्हणाली. “टेबलाच्या वर. मी खाली असते.”

“मग बोलतं कोण?”

“हे.” तिने अंगठ्यावर बोट ठेवलं. “तुम्ही रागावलात की हा वर जातो. हसलात की दोन्ही पाय असे असे करतात.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. अण्णांचा उजवा अंगठा सपातेच्या पट्टीतून ताठ वर आला होता. सगळे बघताहेत म्हटल्यावर तो हळूहळू खाली गेला.

दादाने तो पुठ्ठा उचलला आणि सोफ्यावर, डॉक्टरबाईंच्या शेजारी नेऊन टेकवला. मग तो लांब उभा राहिला.

“अण्णा,” तो दबकत म्हणाला, “नियमाने बघितलं तर... हे पास आहे. कुणालाही दाखवा. अण्णाच आहेत.”

“अण्णाच आहेत,” ताई म्हणाली.

“अगदी अण्णा,” वहिनी म्हणाली आणि पायाचा ब्रेक सोडला.

अण्णा बराच वेळ त्या आपल्या चित्राकडे आणि मग डॉक्टरबाईंच्या चित्राकडे पाहत राहिले. एकात सगळं होतं. दुसऱ्यात काही नव्हतं आणि माणूस मात्र होता.

“म्हणजे आता तू काय,” ते धाकटीकडे न बघता म्हणाले, “डोक्यातून पाय काढणार? हल्ली काढतात म्हणे तसं. पोरासारखं काढतात आणि खाली सही मोठ्या माणसाची करतात.”

“तिच्यासारखं मला येणारच नाही, अण्णा. मी काढलं तर ते सोंग होईल.” धाकटी उठून जेवणाच्या टेबलापाशी गेली. वर्तमानपत्रं, चष्म्याची डबी, बिस्किटांचा डबा, सगळं एका बाजूला सारलं. “ती कुठून बघते तेवढं मला बघायचंय.”

आणि ती टेबलावर आडवी झाली.

“हिची नोकरी करायची तयारी पूर्ण झाली,” ताई म्हणाली.

“ताई, इकडे ये. माझ्यावर वाक. रोग्यावर वाकतेस तशी.”

ताई वाकली. बहिणीचा चेहरा असा खालून धाकटीने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. हनुवटी आधी येत होती. मग नाकपुड्या, दोन मोठ्या खोल्या. डोळे फार मागे, गालांच्या पलीकडे, आणि ते एकदम मऊ झाले होते. समोर बसलेल्या ताईत हे डोळे कधी दिसत नसत.

“काय दिसतंय?” दादाने विचारलं.

“ताई चांगली आहे,” धाकटी म्हणाली.

“खालून?”

“खालून.”

टेबल करकरलं. धाकटीने मान वळवली तर अण्णा खुर्चीवर एक पाय ठेवून वर चढायच्या प्रयत्नात होते.

“अण्णा!” वहिनीचा पाय रुतला. “अहो, पडाल!”

“सरक गं जरा,” अण्णा धाकटीला म्हणाले. दादाने त्यांना धरून आडवं केलं. दोघं बाप-लेक शेजारी शेजारी छताकडे तोंड करून पडले आणि वर ताई वाकून उभी. “हं,” अण्णा म्हणाले. “नाक डोळ्यांपेक्षा मोठं येतंय. कपाळ नाहीच. आणि हात पुढे केलास तर... कर बरं... बघ. हात चेहऱ्याएवढा होतो. अगं, हात चेहऱ्याएवढा होतो!” त्यांचा आवाज चढला होता. “इतकी वर्षं मी लोकांना समोर बसवत आलो. ताठ बसा म्हटलं. हलू नका म्हटलं. एकदाही आडवा झालो नाही.”

“माझी पाठ,” ताई म्हणाली.

“थांब गं दोन मिनिटं. पाठ काढू नंतर.”

टेबलाच्या शेवटाला, सपातांतून बाहेर आलेले दोन्ही पाय असे असे करत होते.

दुसऱ्या दिवशी धाकटीने कंपनीला फोन करून आठवडा मागून घेतला आणि डॉक्टरबाईंना स्टुडिओत बोलावलं. समोरची खुर्ची दाखवायच्या ऐवजी ती स्वतःच बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, “तपासा.” डॉक्टरबाईंनी कसलंही आश्चर्य न दाखवता बॅगेतली नळी काढली, तिची चकती आधी स्वतःच्या तळहातावर चोळून ऊबदार केली आणि वाकल्या. “तुझं वजन वाढलंय,” त्या म्हणाल्या. धाकटी आडव्याआडव्याच रेखाटत होती, कागद पोटावर, कोळसा नाकावर. जुनं चित्र तिने पुसलं नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि नवा कॅनव्हास ताणला.

रविवारी परत खुर्च्या लागल्या.

या खेपेला सोफ्यावर कुणी बसलेलं नव्हतं. कुणीतरी वरून खाली येत होतं. आधी हनुवटी, तिच्या खालची सैल कातडी, घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, आणि त्या सगळ्याच्या पुढे एक हात, चेहऱ्याहून मोठा, बोटांत चकती धरून. दुसरा हात चित्रात कुठेच नव्हता. अण्णांनी दोनदा शोधला. डोक्यामागे दिव्याचा पांढरा गोळा होता. धाकटी सोफ्यामागे उभी राहिली नाही. ती दाराशी उभी होती, म्हणजे वेळ आलीच तर लवकर बाहेर पडता येईल.

“सांग बरं,” दादा म्हणाला, “कोण आहे?”

ठिपकीने मान तिरकी केली नाही. ती उठली, सोफ्याजवळ गेली, दोन्ही हातांनी फ्रॉक छातीपर्यंत वर केला, हनुवटी उचलली, एक लांब श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. गाल फुगले. पोट त्या मोठ्या हातासमोर.

“अगं, बोल की,” वहिनी कुजबुजली. “नियमात बोलायचं असतं.” वहिनी या घरात लग्न होऊन आलेली, तिच्या लहानपणीच्या डॉक्टरबाई वेगळ्या होत्या.

 अण्णांनी चित्रावरून नजर काढून आपल्या मुलांकडे वळवली. दादाच्या बोटांनी शर्टाचं वरचं बटण काढलं होतं आणि छाती श्वासाने फुगली होती, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. ताई, जिचं तोंड सहसा मिटत नसे, ती ओठ घट्ट मिटून ताठ बसली होती, हनुवटी वर, नाकपुड्या ताणलेल्या. आणि दाराशी धाकटी. या तिघांना पाळीपाळीने त्या बाईंच्या दारात अण्णाच घेऊन गेले होते, कधी बोटाला धरून, कधी खांद्यावर टाकून. बाई तिघांनाही तेच सांगायच्या: मोठा श्वास घे, आणि मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही. केस पांढरे व्हायला आले तरी तिघंही ऐकत होती.

“बोलले की सगळे,” अण्णा म्हणाले.

ते उठले, ठिपकीजवळ गेले आणि तिचा फ्रॉक खाली ओढला. “सोड आता.” ठिपकीने भस्सकन हवा सोडली. दादाने सोडली. ताईने सोडली आणि पहिलं वाक्य म्हणाली, “नाकपुड्या मात्र मोठ्या झाल्यात.”

“उद्या त्या रंगवाल्यांना काय सांगणार आहेस?” अण्णांनी दाराकडे बघून विचारलं.

 धाकटी अजून श्वास धरून उभी होती, गाल फुगवून, बाकीच्यांच्या कितीतरी नंतर. मग तो सुटला, आणि त्याच्याबरोबर शब्दही सुटला.

“नाही.”